आईचे माहेर तेच लेकीचे सासर? लुईझा ॲन मेरेडिथ यांच्या घराण्याविषयी प्रश्न

सोनकी:

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून गेली काही वर्षे मेलबर्नमध्ये राहते. कासच्या पठारामुळे लागलेला रानफुलांचा नाद इथेही सुटलेला नाही. आमच्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी टास्मानियाच्या रानफुलांची चित्रे काढणाऱ्या आणि त्यांच्यावर कविता लिहिणाऱ्या लुईझा ॲन मेरेडिथ यांच्यावर लेख लिहायला घेतला आहे. त्यांचा जन्म २० जुलै १८१२ रोजी बर्मिंगहॅमला झाला आणि १८९५ साली इथे, मेलबर्नमध्येच, त्यांचे निधन झाले, एवढे सगळीकडे सारखे सापडते. त्यांच्या पुस्तकांची यादीही जमली आहे. अडचण आहे ती घराण्याची.

एका हौशी संकलकाने तयार केलेली मेरेडिथ घराण्याची वंशावळ माझ्या हाती आली. तिच्यात लुईझा ॲन मेरेडिथ या बाईंचा पहिला विवाह थॉमस ट्वॅम्ली यांच्याशी आणि दुसरा चार्ल्स मेरेडिथ यांच्याशी झाल्याचे दाखवले आहे. पण कवयित्रीची सुरुवातीची पुस्तके तर लुईझा ॲन ट्वॅम्ली या नावाने निघाली आणि ती लग्नाआधीची आहेत, असे सर्वत्र म्हटलेले आहे. मग ट्वॅम्ली हे पहिल्या नवऱ्याचे आडनाव की वडिलांचे? आणि मेरेडिथ हे सासरचे आडनाव असेल तर ते जन्मापासूनच त्यांच्या नावाला कसे चिकटले? दुसरे असे की, फुलांचे आणि कवितेचे हे वेड घरातून आले का, याचाही माग काढायचा आहे. कुठली कागदपत्रे पाहावीत, हे कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.

दप्तरदार:

सोनकीताई, तुमच्या संकलकाने दोन बायकांची एक बाई केली आहे. चूक ढोबळ असली तरी ती कशी झाली असेल हे समजण्यासारखे आहे, कारण या घराण्यात आई आणि मुलगी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच नावाने वावरल्या.

आईचे माहेरचे नाव लुईझा ॲन मेरेडिथ. तिचे लग्न बर्मिंगहॅमच्या थॉमस ट्वॅम्ली यांच्याशी झाले आणि ती ट्वॅम्ली झाली. तिच्या मुलीचे नावही लुईझा ॲनच ठेवले गेले. तीच आपली कवयित्री, जन्माने ट्वॅम्ली. या मुलीने १८ एप्रिल १८३९ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये चार्ल्स मेरेडिथ यांच्याशी लग्न केले आणि आईने लग्नात जे आडनाव टाकले होते तेच मुलीने लग्नात घेतले. म्हणजे आई मेरेडिथची ट्वॅम्ली झाली आणि मुलगी ट्वॅम्लीची मेरेडिथ. तुमच्या शीर्षकातले प्रश्नचिन्ह काढून टाकायला हरकत नाही.

आता नाते. इंग्रजी चरित्रांत चार्ल्स हे तिचे ‘कझिन’ होते एवढेच लिहिलेले असते आणि त्या शब्दात चुलत, मावस, आते, मामे सगळे एकाच पोत्यात भरलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चार्ल्सचे वडील जॉर्ज मेरेडिथ हे लुईझाचे सख्खे मामा होते. त्यामुळे चार्ल्स तिचा मामेभाऊ आणि ती त्याची आतेबहीण. आजोळ हेच तिचे सासर झाले. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी मात्र करत नाहीत. चार्ल्सने जे केले ते दुसऱ्या प्रकारातले. इंग्लंडच्या चर्चने लग्नाला निषिद्ध ठरवलेल्या नात्यांच्या यादीत यांपैकी काहीच बसत नव्हते, त्यामुळे तिकडे कोणी भुवई उंचावण्याचे कारण नव्हते. याच लग्नाच्या जेमतेम अडीच महिने आधी, जानेवारी १८३९ मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी मामाची मुलगी एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले होते, आणि दहा महिन्यांनी, फेब्रुवारी १८४० मध्ये, राणी व्हिक्टोरियाने आपल्या मामाच्या मुलाशी, आल्बर्टशी, लग्न केले. राणीचे आणि आल्बर्टचे नाते हे लुईझा आणि चार्ल्स यांच्या नात्याशी तंतोतंत जुळते.

वंशावळ तपासताना मी एक साधा नियम पाळतो. नाव जुळले की थांबायचे आणि वर्षे मांडायची. थॉमस ट्वॅम्ली यांची पत्नी १८१२ साली एका मुलीची आई होती आणि त्याच साली चार्ल्स मेरेडिथ अवघ्या एका वर्षाचे होते. एवढे मांडले असते तरी संकलकाच्या लक्षात आले असते.

शोध घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या बाई तीन नावांनी छापल्या गेल्या. लग्नापूर्वी लुईझा ॲन ट्वॅम्ली, न्यू साऊथ वेल्स आणि टास्मानियाच्या वर्णनपर पुस्तकांवर मिसेस चार्ल्स मेरेडिथ, आणि फुलांच्या मोठ्या चित्रग्रंथांवर लुईझा ॲन मेरेडिथ. आपल्याकडे मनकर्णिका गोखले या नावाने शोधले तर लक्ष्मीबाई टिळकांच्या कविता सापडणार नाहीत, तसेच हे आहे. नुसते ‘मेरेडिथ’ आणि ‘कवी’ असे शोधले तर इंग्रज कादंबरीकार-कवी जॉर्ज मेरेडिथ पुढे येतात, जे या सासरे जॉर्जपेक्षा वेगळे. किंवा ‘ओवेन मेरेडिथ’ येतात, जे प्रत्यक्षात १८७६ ते १८८० या काळातले आपले व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे टोपणनाव. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८चा कायदा आणणारे हे गृहस्थ स्वतः कविता करत असत, हे पुष्कळांना माहीत नसते.

सोनकी:

दप्तरदार साहेब, मनापासून आभार. मी दोन दिवस ‘पहिला नवरा’ कधी वारला ते शोधत होते! सासरे जॉर्ज मेरेडिथ यांच्याबद्दल थोडे अधिक सांगाल का? बर्मिंगहॅमचे हे कुटुंब टास्मानियाला कसे पोचले, हे लेखात यायला हवे.

हॉबार्टकर:

मी हॉबार्टला राहतो, म्हणून याचे उत्तर मी देतो.

जॉर्ज मेरेडिथ हे पूर्वी मरीन दलात अधिकारी होते आणि नंतर वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरमध्ये शेती करत होते. चार्ल्सचा जन्म १८११ साली तिथलाच. चार्ल्सच्या आईच्या निधनानंतर जॉर्ज यांनी दुसरे लग्न केले आणि १८२१ साली ‘एमेराल्ड’ जहाजाने सगळे कुटुंब घेऊन ते व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, आले. त्यामुळे लुईझाची इथली सासू म्हणजे चार्ल्सची सावत्र आई होती, हे वंशावळीत नीट नोंदवा; मुलांच्या दोन फळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ हमखास होते. पूर्व किनाऱ्यावर ऑयस्टर बेच्या काठी त्यांना जमीन मिळाली. शेती, मेंढ्या, किनाऱ्यावरची देवमाशांची शिकार अशा सगळ्या धंद्यांत त्यांनी हात घातला आणि गव्हर्नर आर्थर यांच्याशी त्यांचे दीर्घ काळ भांडण चालले. आजच्या स्वान्सी गावाजवळ १८३० च्या दशकात त्यांनी बांधलेला ‘केंब्रिया’ हा वाडा २०१९ साली आगीत जळून गेला. केंब्रिया म्हणजे वेल्सचे लॅटिन नाव. घर कुठलेही बांधा, नाव गावाकडचे द्यायचे, ही खोड आपल्या लोकांचीच नव्हे तर त्यांचीही.

लुईझा आणि चार्ल्स लग्नानंतर दोनच महिन्यांनी जहाजात बसले आणि सप्टेंबर १८३९ मध्ये सिडनीला उतरले, कारण चार्ल्सची मेंढरे न्यू साऊथ वेल्समध्ये होती. पुढे १८४० च्या दशकातल्या मंदीत त्या मेंढ्यांतली सगळी गुंतवणूक बुडाली. त्याआधीच, १८४० च्या अखेरीस, ते टास्मानियाला आले होते. नंतर चार्ल्स काही वर्षे उत्तर किनाऱ्यावरच्या पोर्ट सोरेल इथे पोलीस मॅजिस्ट्रेट होते, पुढे विधिमंडळात गेले आणि अनेकदा वसाहतीचे खजिनदारही झाले. काळ्या राजहंसांची बेबंद शिकार थांबवण्यासाठी कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली, तिच्यामागे बाईंची प्रेरणा असावी असे मला वाटते. पण हा माझा अंदाज समजा.

आता कागदपत्रे. इथे तुमचे नशीब चांगले आहे, कारण लुईझा वारल्या व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात. तिथे १ जुलै १८५३ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंदणी आहे आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात ज्या रकान्यांची सोय केलेली असते ती पाहून टास्मानियाच्या माणसाला हेवा वाटतो. वडिलांचे नाव आणि व्यवसाय, आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनाव, जन्म कुठे झाला, वसाहतीत किती वर्षे काढली, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झाले, मुले कोणती आणि त्यांची वये काय, असे एका आडव्या ओळीत सगळे येते. ‘आईचे माहेरचे आडनाव’ हा रकाना तुमच्या वादाचा निकालच लावू शकेल. फक्त एवढे लक्षात ठेवा की ही माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. मुलाने, सुनेने किंवा घरमालकाने जे सांगितले ते कारकुनाने उतरवलेले असते, म्हणून माहिती कोणी दिली तो रकाना आधी वाचावा.

बाकीच्या नोंदींचा हिशोब असा. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, त्यामुळे १८३९ चे लग्न तिच्यात मिळेल आणि त्यात वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे व व्यवसाय असतील. तिचा १८१२ चा जन्म मात्र चर्चच्या वहीतच शोधावा लागेल, आणि तोही जरा खडतर काळातला, कारण इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी छापील नमुन्याच्या वह्या १ जानेवारी १८१३ पासून सक्तीच्या झाल्या. त्याआधी पाद्रीबुवा मनाला येईल तसे लिहीत. न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारी नोंदणी १८५६ ची, म्हणून तिथे जन्मलेल्या थोरल्या मुलासाठी पुन्हा चर्चच. टास्मानियात मात्र नोंदणी डिसेंबर १८३८ पासून आहे. तिथल्या सरकारी ग्रंथालयाची नावांची सूची घरबसल्या फुकट पाहता येते. मेरेडिथ घराण्याची पत्रे हॉबार्टच्या पुराभिलेखागारात आहेत. जुनी वर्तमानपत्रे कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर वाचता येतात. १८५६ पूर्वीचे शोधताना ‘टास्मानिया’ असे न घालता ‘व्हॅन डीमेन्स लँड’ घालावे. बेटाचे नाव त्या वर्षाच्या पहिल्या तारखेला बदलले.

आणखी एक खूण आपल्या माणसाच्या नजरेतून सुटते. आपण मधल्या नावाच्या जागी बापाचे किंवा नवऱ्याचे नाव पाहायला सरावलेले असतो. या लोकांत मात्र मधल्या जागी पुष्कळदा आजोळचे आडनाव ठेवतात. लुईझाच्या एका मुलाचे नाव चार्ल्स ट्वॅम्ली मेरेडिथ होते. तिचे माहेर त्या मधल्या शब्दात शिल्लक आहे.

करवंद:

घराण्याचे बरेचसे उलगडले, म्हणून मी फुलांकडे वळतो. सोनकीताईंनी विचारले आहे की हे वेड घरातून आले का. आईनेच तिला घरी शिकवले, एवढे चरित्रकार सांगतात आणि वंशावळीच्या दृष्टीने मला ते महत्त्वाचे वाटते, कारण मेरेडिथांच्या घरातून टास्मानियाला जे गेले ते जमिनीच्या मागे गेले. फुले मात्र ती बर्मिंगहॅमहून, आईच्या हाताखालून, घेऊन गेली. लग्नाआधीच तिची ‘पोएम्स’ (१८३५), ‘द रोमान्स ऑफ नेचर’ (१८३६) आणि ‘अवर वाइल्ड फ्लॉवर्स’ (१८३९) ही पुस्तके आलेली होती, कवी ली हंट यांनी १८३७ मध्ये स्त्री-लेखिकांवर लिहिलेल्या एका विनोदी कवितेत तिच्या लेखणीचे आणि कुंचल्याचे एकत्र कौतुक केले होते. मामेभावाशी लग्न करून अर्ध्या जगापलीकडे गेलेली ही कोणी हौशी नवरी नव्हती. लंडनच्या प्रकाशकांना माहीत असलेली सत्तावीस वर्षांची लेखिका होती.

‘संग्राहक’ हा शब्द मात्र मी तिच्यासाठी जपून वापरेन. त्याच बेटावर रोनाल्ड गन हे लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानासाठी हजारोंनी वाळवलेले नमुने पाठवत होते आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी आपला ‘फ्लोरा टास्मानिए’ हा ग्रंथ गन आणि विल्यम आर्चर यांना अर्पण केला. बाईंचे काम त्या जातीचे नाही. फूल तोडून आणायचे, ते कोमेजायच्या आत रंगवायचे आणि त्याच्याबद्दल ओळखीच्या माणसाबद्दल लिहावे तसे लिहायचे, ही तिची रीत. म्हणूनच १८६० च्या चित्रग्रंथाच्या नावात तिने फुलांना ‘बुश फ्रेंड्स’, म्हणजे ‘रानातले मित्र’, म्हटले आहे. चित्रे लंडनच्या डे अँड सन यांनी रंगीत शिळाछापाने छापली. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि दगड केसभर सरकला तरी पाकळीची कड दुहेरी दिसते. जुनी प्रत हाताळायला मिळाली तर भिंग घेऊन कडा पाहा.

कासच्या माणसाला टास्मानियाचे रान कसे दिसते ते सांगतो. मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात हॉबार्टच्या डोंगरावर गेलो होतो. वाटेच्या कडेला, ओल्या खडकाला धरून, एक झुडूप उभे होते आणि त्याच्या टोकाला शेंदरी-लाल फुलांचा गुच्छ. जवळ गेल्यावर दिसले की ज्याला आपण पाकळ्या समजतो त्या नुसत्या वाकड्या, आत वळलेल्या नळ्या आहेत आणि प्रत्येक नळीतून एक दांडा बाहेर आला आहे, शेवरीच्या फुलातून पुंकेसर यावेत तसा. हे टास्मानियाचे वाराटा. थोडे खाली उतरल्यावर एक वेल होती, फिकट हिरवट-पिवळ्या लोंबत्या नळकांड्या फुलांची, आणि तिच्याच शेजारच्या फांदीवर बोराएवढी चकचकीत जांभळी फळे. बाईंच्या पुस्तकांतली वर्णने वाचताना ‘वेल’, ‘घंटा’, ‘मणी’ असले शब्द पुन्हा पुन्हा का येतात ते त्या वाटेवर कळले. आणि वर मान केली तर टास्मानियाचे राज्यफूल, तिथला निळा गम. त्याला आपण निलगिरी म्हणतो, कारण एकोणिसाव्या शतकात तो तिथून उटकमंडला आला आणि ज्या डोंगरावर लावला त्याचेच नाव घेऊन बसला.

१८८१ च्या सुमारास चित्रकार मरियान नॉर्थ टास्मानियात आल्या तेव्हा या बाईंना भेटल्या. नॉर्थ त्याआधी हिंदुस्थानातही रंगपेटी घेऊन हिंडल्या होत्या आणि क्यूमधले त्यांचे दालन १८८२ साली उघडले. दोन चित्रकार बायका एकमेकींना भेटल्या, त्या क्षणाबद्दल लेखात चार ओळी नक्की लिहा.

रानवाट:

सगळ्यांनी फार चांगली माहिती दिली आहे, पण घराण्याचा इतिहास लिहिताना एक पान कोरे राहू नये, म्हणून लिहिते. ऑयस्टर बेच्या काठची जी जमीन जॉर्ज मेरेडिथ यांना मिळाली ती रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांनी वसाहतवाल्यांशी १८२० च्या दशकात झुंज दिली आणि १८३१ च्या ३१ डिसेंबरला ऑयस्टर बे आणि बिग रिव्हर या दोन टोळ्यांतली उरलेली अवघी २६ माणसे सरकारी दूत रॉबिन्सन यांच्यासोबत यायला तयार झाली. जानेवारी १८३२ मध्ये त्यांना हॉबार्टमध्ये आणले गेले आणि पुढे एका दूरच्या बेटावर धाडले. लुईझा तिथे पोचली त्या वेळी या घटनेला नऊ वर्षेही झाली नव्हती. ‘माय होम इन टास्मानिया’ (१८५२) मध्ये ती या लोकांबद्दल जे लिहिते ते आज वाचताना खुपते. फुलाच्या एका देठाकडे इतक्या हळुवारपणे पाहणारी ही बाई सासऱ्यांच्या बाजूने बोलते. सासरे तिचे मामाही होते, हे या धाग्यामुळे कळल्यावर मला त्या पानांचा अर्थ थोडा वेगळा लागतो. समर्थन मात्र होत नाही.

दप्तरदार:

रानवाट यांचे म्हणणे योग्य आहे. मी त्यात एवढेच घालतो की आजोळ आणि सासर एकच असण्याचा फायदा तिला आर्थिक बाबतीत फारसा झाला नाही. १८४० च्या दशकात कर्जात बुडालेल्या नवऱ्याच्या घरी तिच्या लेखणीचा आधार होता. चार्ल्स १८८० साली वारले आणि १८८४ साली टास्मानिया सरकारने तिला साहित्य आणि कलेच्या सेवेबद्दल वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. तिच्या ‘बुश फ्रेंड्स’चा शेवटचा भाग १८९१ मध्ये लंडनला निघाला, तेव्हा ती एकोणऐंशी वर्षांची होती.

सोनकी:

सर्वांचे आभार. हॉबार्टकर यांच्या सांगण्याप्रमाणे मी मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे आणि तो हाती आला की माहिती देणाऱ्याचा रकाना आधी वाचून मगच इथे कळवीन. रानवाट यांचा मुद्दा लेखात येईल. त्या हौशी संकलकालाही मी पत्र पाठवले होते; त्यांचे उत्तर आले की त्यांनी पहिला नवरा वंशावळीतून काढून टाकला आहे, पण त्याबरोबर आईसुद्धा काढून टाकली, कारण आता तिचे लग्न कोणाशीच होत नव्हते. आज पुन्हा लिहिते.